मनाचे ठोके मोजणारा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना मनगटी पट्टा आहे. घड्याळ नव्हे बरं का! लोक मला बघून "वाजले किती?" असं विचारतात, तेव्हा मला जरा रागच येतो. मला वेळ सांगता येत नाही. माझ्या पोटाखाली एक हिरवा दिवा लुकलुकतो आणि त्याच्या उजेडात मी माणसाच्या नाडीचे ठोके मोजतो. शेजारी धातूच्या दोन टिकल्या आहेत. डोळ्यांना न दिसणारा घामसुद्धा त्यांना कळतो. हल्ली माझा रबर चिरला आहे, बॅटरीही लवकर दमते. त्यामुळे मी बहुतेक वेळ पुण्यातल्या एका प्रयोगशाळेच्या खणात पडून असतो.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. त्या दिवसांचं फारसं काही आठवत नाही. एका खोक्यात माझ्यासारखेच भाऊ ओळीने झोपले होते, एवढं आठवतं. ते खोकं उघडलं डॉक्टर संस्कृती यांनी. मी त्यांना ताई म्हणतो. ताई जुन्नर तालुक्यातल्या पिंपरी पेंढारच्या. पुण्यात राहून त्यांनी पीएच.डी. केली आणि तरीही शिकायची हौस फिटली नाही, म्हणून त्यापुढचं संशोधन हाती घेतलं. त्यांचा प्रश्न ऐकायला सोपा होता. अंगात ताप असला तर थर्मामीटर सांगतो, मग मन आजारी असेल तर शरीर कुठे काही खूण दाखवतं का?

अभ्यासक म्हणतात, मन निवांत असलं की दोन ठोक्यांमधलं अंतर थोडं कमीजास्त होत राहतं. चिंता मुक्कामाला आली की ते ताठ, एकसारखं होत जातं. शहरातल्या माणसांवर असे अभ्यास पुष्कळ झाले होते. दिवसभर कांद्याच्या वाफ्यात वाकलेल्या बायकांची नाडी मात्र कोणी फारशी पाहिली नव्हती. ताईंना ती पाहायची होती. म्हणून आम्ही सगळे भाऊ पिशवीत बसून आंबेगाव तालुक्यात गेलो आणि मी महाळुंगे पडवळच्या प्रयागबाईंच्या हाती लागलो.

प्रयागबाई म्हणजे मोठं खटल्याचं घर चालवणारी बाई. ताई डॉक्टर आहेत एवढं ऐकताच त्यांनी गुडघा पुढे केला.

"मावशी, मी औषधाची डॉक्टर नाही हो. मी नुसता अभ्यास करते," ताई हसून म्हणाल्या.

"असू द्या की. डाक्टर ते डाक्टर," प्रयागबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला.

ताईंनी त्यांच्या सुनेलाही, मंगललाही, विचारलं होतं. "मला नको. मला काय झालंय?" असं म्हणून ती चहा टाकायला आत निघून गेली. तिच्या आवाजात काही कमीजास्त नव्हतं, त्यामुळे पुढे कोणी विचारलं नाही.

प्रयागबाईंच्या मनगटावर माझे दिवस मजेत गेले. काय ती नाडी! ठणठणीत. बांगड्यांच्या गर्दीत मला जागा मिळायची नाही आणि शेणामातीचे हात धुताना मीही धुतला जायचो, पण कौतुक भरपूर व्हायचं. खंडेनवमीला घरातले विळे, खुरपी, फवारणीचा पंप पाटावर मांडले, तेव्हा प्रयागबाईंनी मलाही त्यांच्यात ठेवलं. "ह्ये बी हत्यारच हाय की," म्हणत त्यांनी माझ्या पोटावरच्या काचेला हळदीकुंकवाची बोटं ओढली. माझा दिवा गच्च बुजला! त्या दिवशी पुण्याला नाडीच पोहोचली नाही. ताईंनी फोनवर काच पुसायची रीत सांगितली आणि दोघी पोट धरून हसल्या.

दिवाळी झाली, कांद्याची लागण सुरू झाली आणि एका सकाळी प्रयागबाईंनी मला हातातून काढलं. "मंगल, माझ्या हाताला खाज सुटती गं. ह्यो तू घाल. रिकामा नको ठिवाया," त्या म्हणाल्या. खाज वगैरे काही नव्हती, मी साक्षीदार आहे. पण सुनेने मुकाट्याने हात पुढे केला.

आता मंगलची गोष्ट सांगितली पाहिजे. त्या उन्हाळ्यात तिचं बाळ पोटातच गेलं होतं. दिवस भरत आले होते. घरच्यांनी मायेपोटी ठरवलं की तिच्यासमोर तो विषय काढायचाच नाही. पाळणा माळ्यावर गेला, शिवलेली झबली कोणाला तरी देऊन टाकली. तिचा नवरा अमृत चाकणला कंपनीत जायचा. तोही घरी आला की हवापाण्याचं बोलायचा. मंगल भाकऱ्या थापायची, पाहुण्यांना हसून पाणी द्यायची आणि सगळ्यांना वाटायचं, सावरली हो पोर.

मला मात्र तिची नाडी लागत होती. ती आडवी पडली तरी काळीज धावायचं. ठोके ताठ, एका मापाचे. झोप अशी नाहीच. मी मोजत राहिलो आणि मोजलेलं घरातल्या मोबाईलवरून पुण्याला जात राहिलं. मला वाटायचं, आज ना उद्या कोणीतरी धावत येईल.

पण पुण्यात मी प्रयागबाईंच्या नावावर होतो ना! ताई फोन करून विचारायच्या, "मावशी, झोप कशी आहे?" आणि प्रयागबाई अगदी खरं उत्तर द्यायच्या, "झोप? पाठ टेकली की लागती." ताई बुचकळ्यात पडल्या. शेवटी त्यांचे सर म्हणाले, पट्टा बिघडलेला दिसतोय, बाद करा. बिघडलेला! मित्रांनो, इतकं खरं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो.

ताई मला परत न्यायला आल्या. प्रयागबाई ओट्यावर रोपांच्या जुड्या बांधत होत्या. त्यांचा हात मोकळा होता.

"मावशी, पट्टा कुठंय?"

"मंगलच्या हातात हाय. लई दिस झालं."

ताईंचा चेहरा उतरला. चिडल्या की त्या पुण्याचं बोलणं विसरतात. "अवं, त्यो तुमाला दिला व्हता! माझी समदी मेहनत पाण्यात गेली की!"

"मला काय धाड भरलीया?" प्रयागबाई म्हणाल्या. "मी खाती, पिती, झोपती. ती झोपत न्हाई. दुखणं जिला हाय तिलाच बांधला. म्हनलं, डाक्टरीणबाईंचा हाय, गुण येईल."

ताईंचा राग तिथल्या तिथे गेला. त्या खाली बसल्या. "मावशी, तो बरं नाही करत कोणाला. तो नुसतं मोजतो."

प्रयागबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "म्हंजी इतकं दिस... तिला नुसतं मोजलंच व्हय?"

ताई उठल्या आणि शेताकडे निघाल्या. मंगल वाफ्यात रोपं लावत होती आणि मी तिच्या मनगटावर चिखलाने माखलेला होतो. ताईंनी तिला बांधावर बसवलं आणि सरळ सांगितलं, "तुला न विचारता तुझी नाडी माझ्याकडे आली. मला ठाऊक नव्हतं. तू म्हणशील तर मी ते सगळं पुसून टाकते."

"काय दिसलं त्यात?" मंगलने विचारलं.

"तू झोपत नाहीस. पडून असतानाही तुझं काळीज धावतं. पण का धावतं, ते मला त्यातून कळत नाही."

मंगल माझ्याकडे बघत राहिली. "मला वाटायचं, कुणालाच ठावं न्हाई."

"मला ठावं व्हतं गं," मागून आवाज आला. प्रयागबाई अनवाणीच आल्या होत्या. "पर इचारू कसं, ते ठावं न्हवतं. म्हनून ह्यो बांधला."

तेव्हा मंगलची नाडी अशी उसळली की मी घाबरलो. "पोरगी व्हती ना, आत्या? मला कुणी बघू बी दिली न्हाई."

प्रयागबाई तिच्याजवळ चिखलातच बसल्या. "मी बघितली. लई केस व्हतं डोक्याला. नाक तुझ्यावानी."

मंगल रडली. पोटातून, मोठ्याने, इतके महिने आवरलेलं सगळं रडली. आजूबाजूच्या वाफ्यातल्या बायका हातातलं काम टाकून उभ्या राहिल्या आणि कोणीही तिला गप्प हो म्हणालं नाही. मी हळवा झालो होतो, तरी मोजत होतो.

एका रडण्याने माणूस बरं होत नाही, मित्रांनो. ताईंनी तिला मनाच्या आजारांवर उपचार करणाऱ्या खऱ्या डॉक्टरांकडे नेलं. अमृत रजा टाकून सोबत गेला. गोळ्या सुरू झाल्या, बोलणं सुरू झालं. मंगलने मोजणी पुसून टाकायला सांगितली आणि ताईंनी तिच्यासमोरच पुसली. त्यामुळे ताईंच्या शोधनिबंधात माझ्या त्या कामाचा उल्लेख कुठेच नाही. सुरुवातीला मला याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

गेल्या महिन्यात ताई पुन्हा महाळुंगे पडवळला गेल्या. नवे पट्टे वाटायचे होते आणि जुनी ओळख म्हणून त्यांनी मला खणातून काढून स्वतःच्या हातात घातलं होतं. प्रयागबाई आता पट्टा हातात घेण्याआधी तो काय करतो आणि काय करत नाही, हे शेजारणींना स्वतःच समजावत होत्या. मधेच मंगल पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. प्रयागबाईंनी तिचं मनगट धरलं.

"कसं हाय गं आज?"

"आज बरं न्हाई, आत्या," मंगल सगळ्यांच्या देखत म्हणाली.

प्रयागबाईंनी पट्टे बाजूला सारले, शेजारणींना जरा थांबायला सांगितलं आणि सुनेला ओट्यावर जवळ बसवून घेतलं.

मित्रांनो, मी ठोके मोजू शकतो, विचारू शकत नाही. ते काम तुमच्याकडे आहे. घरातल्या माणसाला कसं आहेस म्हणून विचारा. उत्तर काहीही आलं, तरी लगेच उठू नका. थोडा वेळ तिथेच बसा.