मशीनच्या पायावरचा कोश

आमच्या सासऱ्यांनी वनस्पती उद्यानाकडून लिंबाचं रोप घेतलं ते फुकट होतं म्हणून. झाडाफिडांची आवड त्यांना कधीच नव्हती. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. हिरवं म्हटलं की अस्तर आठवायचं. दुकान बंद झाल्यापासून बाल्कनीत शिलाई मशीनशेजारी खुर्ची टाकून बसायचं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांच्या कपड्यांना नावं ठेवायची, एवढाच उद्योग.

उद्यानवाल्या बाईंचं म्हणणं, शहरात फुलपाखरांना अंडी घालायला पान उरलं नाही, तर घरटी एक रोप सांभाळा. झालं! इमारतीत चढाओढ लागली. पानावर अळी दिसली रे दिसली की फवारा. महिन्याभरानं बाई पाहणीला आल्या, तेव्हा सगळे चकचकीत रोपं मांडून ऐटीत उभे. बाईंनी कपाळावर हात मारला.

"अहो, हे फुलपाखरांचं ताट आहे! तुम्ही पाहुण्यांना मारलंत आणि ताट पुसून ठेवलंत!"

आमच्या रोपाच्या काड्याच उरल्या होत्या. लाजेनं मी ते दाराआड दडवलं होतं. बाईंनी हुडकून काढलं आणि सासऱ्यांचं असं कौतुक केलं की वरच्या मजल्यावरच्या प्रोफेसरांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं. आता आतली गोष्ट सांगते. ही अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते. सासऱ्यांना वाटलं, घाण आहे, सून पुसेल. सुनेला वाटलं, ज्याचं रोप त्यानं पुसावं. दोघांच्या आळसावर निसर्ग पोसला. बक्षीस म्हणून बाईंनी आणखी एक रोप दिलं.

पण घरात जळत होतं ते वेगळंच. नणंदेनं मशीन भंगारात द्यायचं ठरवलं होतं. "बाबा, तुम्हाला सुईत दोरा ओवता येत नाही. अडगळ कशाला?" याच मशीनवर तिचं शिक्षण झालं, लग्नाचे कपडे शिवले गेले; पण बोलणार कोण? आमचे हे बहिणीपुढे मांजर. सासरे "बघू" म्हणाले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. माझा नुसता तिळपापड झाला. पण सून बोलली की घर फोडलं म्हणतात, म्हणून दातओठ खात गप्प बसले.

भंगारवाला आला, सोबत नणंद. तो मशीन उचलायला वाकला आणि सासरे ओरडले, "खबरदार!"

मशीनच्या लोखंडी पायाला एक हिरवा कोश चिकटला होता, कंबरेला बारीक धागा बांधलेला. सासरे गुडघ्यावर बसले. "टाका बघ कसा घातलाय पोरीनं! एकच, पण पक्का."

"काढा आणि कुंडीत ठेवा," नणंद म्हणाली.

मी लगेच उद्यानवाल्या बाईंना फोन लावला आणि स्पीकर मोठा केला. "अजिबात हलवू नका!" बाई गरजल्या. "फुलपाखरू उडेपर्यंत मशीन तिथंच राहू दे." भंगारवाला रिकाम्या हातानं गेला. नणंद माझ्याकडे असं बघत होती, जणू अंडं मीच घातलंय.

फुलपाखरू उडालं. दुसऱ्याच दिवशी नणंदेचा फोन. "उडालं ना? मग उद्या पाठवते त्याला."

"बघून सांगते," म्हणत मी फोन घेऊनच बाल्कनीत गेले. सासरे कमरेत वाकलेले. बोटावर एक गलेलठ्ठ हिरवी अळी, आणि तिला ते मशीनच्या पायावर चढवत होते. "वर जा, बाळा. तिथं छान जागा आहे."

मला बघून गोरेमोरे झाले. मी फोनवर हात ठेवला.

"बाबा, म्हणजे तो पहिलाही तुम्हीच?"

"नाही गं. तो आपणहून आला. त्याला बघूनच मला सुचलं." त्यांचे डोळे भरून आले. "सूनबाई, ते गेलं की मी इथं कशाशेजारी बसू?"

खाकरून मी फोन कानाला लावला. "ताई, दुसरा कोश लागतोय हो. आता काय करणार, निसर्गापुढे कुणाचं चालतं?"

तिकडून फोन आपटल्याचा आवाज आला. मी उद्यानवाल्या बाईंना लावला.

"बाई, आम्हाला आणखी दोन रोपं मिळतील का?"