दोन शाफ्ट कमी

मुंजाजीने लाकडी दांडका इंजिनातल्या बुशाच्या धातूच्या कड्यावर टेकवला आणि हातोडीचा हलका ठोका दिला. बुश जरासे फिरले. त्याने इंजिनाच्या पोटात बोट घालून चाचपले. तेलाचे भोक अजून अर्धे उघडेच होते. आणखी एक ठोका दिला. मग बोट पुन्हा आत.

"झाकलं?" बाजेवर बसलेल्या खाजा मियांनी विचारले.

"झाकलं बराबर."

ते भोक उघडे राहिले असते, तर रिकाम्या झालेल्या जागेतून सगळे तेल वाहून गेले असते आणि हिंगोलीची वेस ओलांडायच्या आत इंजिन जाम झाले असते. मुंजाजीने कपाळावरचा घाम कोपराने पुसला. लिंबाच्या फांदीला साखळी बांधून उतरवलेले इंजिन अंगणात जुन्या टायरवर बसले होते, आणि त्यातून काढलेले दोन शाफ्ट शेजारी पोत्यावर पडले होते. हातभर लांब, एका अंगाला जड. गाडी ओढण्याशी या दोघांचा काही संबंध नसतो. इंजिनाची थरथर आतल्या आत जिरवायची, एवढेच त्यांचे काम. त्यातला एक आपल्याच बुशात जळून अडकला, त्याने आपला पट्टा तोडला, आणि गाडी गेल्या बुधवारी रस्त्यात बसली.

खाजा मियांचे बाजारात लेथ मशीन होते. शाफ्टच्या जागी बसवायचे डट्टे त्यांनीच करून आणले होते. तिसऱ्यांदा ते तेच बोलले.

"मुंजाजी, गाडी चालंल. पन हलंल."

"किती हलंल?"

"ते मी कसं सांगू भाई? नवे मागव ना. काहून घाई करून राहिला?"

"मुंबईवून यायाला दीड महिना म्हन्ते. सोमवारी तारीख हाय तिची."

खाजा मियांनी घराच्या दाराकडे पाहिले.

आत मुंजाजीची बायको कमलबाई पडून होती. दोन वर्षांपूर्वी छातीतल्या कॅन्सरच्या गाठीचे ऑपरेशन झाले, सगळे संपले म्हणून शेजारपाजाऱ्यांना खीर वाटली, आणि यंदा दुखणे पाठीच्या कण्यात उतरले. दर तीन आठवड्यांनी नांदेडला नेऊन सलाईनमधून औषध द्यायचे. पहिल्या खेपेला भाड्याच्या जीपमधून नेले, तेव्हा कळमनुरी येईस्तोवर तिने तोंडात धरलेला पदर दातांनी फाडला होता. त्या आठवड्यातच मुंजाजीने एका ठेकेदाराची जुनी गाडी घेतली. जपानी इंजिन, चालू आहे की बंद ते कळू नये असे. पुढच्या खेपेला कमलबाई चक्क झोपली. नांदेडपर्यंत! आरशात तिचे उघडे पडलेले तोंड बघत गाडी हाकताना मुंजाजीला जो आनंद झाला, तो तीस वर्षांच्या नोकरीत कधी झाला नव्हता.

नोकरी एसटीच्या डेपोत, फिटरची. तिथला धर्म एकच, जे मिळत नाही त्याच्यावाचून गाडी मार्गावर काढायची. दिवा नाही? दिवसाच्या फेरीला लावा. दरवाजा नाही? दोरी बांधा. त्या हाताला हे दोन शाफ्ट काढणे अवघड नव्हते. फक्त डेपोत आतल्या प्रवाशाचे काय होते, हे फिटरला कुणी विचारत नसे.

रविवारी सकाळी इंजिन जागेवर बसले. किल्ली फिरवून दोनदा सेल मारताच गाडी चालू झाली आणि खाजा मिया टाळ्या वाजवणार तोच आरशातले झाड पुसट झाले. पुढची काच कुरकुरू लागली. मुंजाजीने मागच्या सीटवर तळहात ठेवला. तळहाताला मुंग्या आल्या.

त्याने गाडी बंद केली. बसच्या टायरचे रबर कापून इंजिनाखाली घातले. चालू केली, तळहात ठेवला. आणखी एक थर घातला. मग सीटवर घरातली गादी टाकली, गादीवर दोन गोधड्या. दुपारपर्यंत हेच चालले. इंजिन जितके पळवावे तितके जास्त थरथरत होते. शेवटी तो पायरीवर बसला आणि त्याला रडू आले. खाजा मियांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

सोमवारी दोघांनी मिळून कमलबाईला उचलून गाडीत आडवे केले. गेल्या महिनाभरात तिचे चालणे जवळजवळ सुटलेच होते. खाजा मियांनी दार लावले आणि ते गाडी वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभे राहिले.

मुंजाजीने वेग तिसाच्या वर जाऊ दिला नाही. मागून बैलगाडी आली असती तर तीही पुढे निघून गेली असती. प्रत्येक खड्ड्याआधी त्याचे खांदे आखडत.

"लागतंय का?"

"न्हाई."

कळमनुरी आली, गेली. त्याने आरशात पाहिले. आरसा थरथरत असल्यामुळे तिचा चेहरा नीट दिसेना. पदर मात्र तोंडात नव्हता.

"कमल, खरं सांग. थांबवू का?"

"काहून थांबवता? मला काहीच तकलीफ न्हाई. कालपास्नं ठनकत बी न्हाई."

त्याने वेग चाळीस केला. मग पन्नास. पेडलवरून थरथर त्याच्या गुडघ्यापर्यंत चढत होती आणि मागून हूं की चूं नाही. मुंजाजी खुलला. तो बोलू लागला. रबर कसे कापले, भोक कसे झाकले, खाजा मियांचा अंदाज कसा साफ चुकला, सगळे त्याने मोठ्याने सांगितले. बाळापूर कधी मागे पडले, ते त्याला कळलेही नाही.

वारंगा फाट्यावर त्याने गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवले आणि चहा घेऊन मागचे दार उघडले.

कमलबाईचा डावा पाय गादीवरून घसरून खाली गेला होता. पुढच्या सीटच्या लोखंडात घोटा अडकला होता आणि गाडीच्या थरथरीने लोखंड त्यावर घासत होते. कातडे सोलून निघाले होते. पावलाखालच्या चटईवर रक्ताचा हातभर डाग पसरला होता.

कमलबाई खिडकीतून पेरूवाल्या बाईकडे पाहत होती.

त्याने चहा टपावर ठेवला. दोन्ही हातांनी पाय सोडवला. मग तिच्या पायाचा अंगठा चिमटीत धरून दाबला. आणखी जोरात दाबला. त्याने दुसरा पाय पाहिला. मांडीला चिमटा काढला, तरी पाय हलला नाही.

"पेरू गोड दिसून राहिले," कमलबाई म्हणाली. मग तिचे लक्ष त्याच्याकडे गेले. "काय करून राहिले खाली?"

"काही न्हाई. गोधडी घसरली व्हती."

त्याने खिशातला रुमाल घोट्याला गुंडाळला, पाय उचलून गादीवर ठेवला आणि वरून गोधडी नीट खोचली.

"तुमी उगंच भेत व्हते," ती म्हणाली. "गाडी हलते, आवाज येतो न मला. पन अंगाला लागू देली न्हाई तुमी. लई कारागीर मानूस."

मुंजाजीने तिला बशीतून चहा पाजला. शेवटच्या घोटाला तिने त्याच्या मनगटावर हात ठेवला.

"येताना बी अशीच आना."

"व्हय," तो म्हणाला, आणि दोन पेरू घ्यायला गेला.