दुधाच्या टाकीतलं पाणी

वडवणीहून तेलगावकडे जाताना हिवरसांगवीचा फाटा लागतो. फाट्यावर उतरलं की गावाच्या आधी दूध संस्थेचं शीतकरण केंद्र नजरेत भरायचं. पिवळी दुमजली इमारत, पुढे टँकर वळेल एवढं सिमेंटचं पटांगण, आत दहा हजार लिटरची चकचकीत स्टीलची टाकी. धर्मराज तिथला ऑपरेटर. दुष्काळाच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्या एवढ्या मोठ्या इमारतीत तो एकटाच उरला होता.

केंद्र होण्याआधी गावातलं दूध मारुतीच्या पारावर गोळा व्हायचं. माप घालायला धर्मराजच असायचा. आश्रुबाचा टेम्पो कॅन भरून वडवणीला न्यायचा. कुणी दहा लिटर आणो, कुणी दोन, सगळ्यांचं दूध जायचं. मग संस्थेचे चेअरमन मोहनराव यांनी शीतकरण केंद्र मंजूर करून आणलं. निम्म्याहून जास्त पैसा सरकारी अनुदानाचा होता. राहिलेला सभासदांच्या दुधातून लिटरमागे कापून घ्यायचं ठरलं. तरी कमी पडला तेव्हा ग्रामपंचायतीनं घरपट्टी वाढवून त्यातून रस्ता आणि पटांगण करून दिलं. ग्रामसभेत आश्रुबानं एकदाच उठून विचारलं होतं, की गावात दूध निघतंय किती आणि टाकी आणताय केवढी. मोहनराव हसले आणि म्हणाले, टाकी आली की दूधही वाढेल. लोकही हसले. आश्रुबा टेम्पोचा धंदा बुडेल म्हणून बोलतोय, असं सगळ्यांना वाटलं. धर्मराजलाही तसंच वाटलं होतं. तो तर स्वतः घरोघर फिरून कपातीच्या कागदावर सह्या घेत होता, आणि मनापासून घेत होता.

केंद्र सुरू झालं आणि टाकी कधी निम्मीही भरली नाही. त्यानंतर पाऊस गेला. लोकांनी जनावरं बाजारात नेली, काहींची चारा छावणीत गेली. टाकीत दूध ढवळायचा पंखा आहे, त्याच्या पात्यांपर्यंतही दूध पोचेना, तेव्हा मोठ्या डेअरीनं टँकर पाठवायचं बंद केलं. आश्रुबानं टेम्पो केव्हाच विकला होता. पारावरचं माप तर केंद्र आलं तेव्हाच मोडलं होतं. पूर्वी ज्या गावातून दोन लिटरसुद्धा दूध बाहेर जायचं, तिथून आता थेंबही जाईना.

पण केंद्र बंद पडल्याचं सरकारला कळलं तर अनुदान परत मागतील, म्हणून मोहनरावांनी ते कागदावर चालू ठेवलं होतं. धर्मराज सकाळी कुलूप काढायचा, झाडून घ्यायचा, टाकीवरची धूळ पुसायचा आणि दारातल्या खुर्चीवर बसून राहायचा. त्याची बायको विमल फाल्गुनातच चाकणला पोराकडे गेली होती. पाण्यासाठी रांगेत उभं राहून तिचे गुडघे धरायला लागले होते. ती फोनवर म्हणायची, तुमीही या, इथं नळाला पाणी येतं. तो म्हणायचा, बघू. नोकरी सोडून पोराच्या एका खोलीत जाऊन बसायचं त्याच्या जिवावर येई. फोन ठेवला की इमारत आणखी मोठी वाटायची. आपला खोकलासुद्धा टाकीवरून परत येतो, हे त्याच्या त्याच दिवसांत लक्षात आलं.

त्या उन्हाळ्यात त्याच्याकडे येणारं माणूस एकच, हमीदा चाची. नवरा वारलेला, लेक परळीला दिलेली, घरी एक म्हैस. भावानं पाठवलेल्या कडब्यावर आणि कुठून कुठून मागून आणलेल्या उसाच्या वाढ्यावर तिनं ती जगवली होती. दोन-अडीच लिटर दूध निघायचं. चाची दुपार कलली की किटली घेऊन केंद्रावर यायची आणि पायरीवर बसायची.

पहिल्यांदा आली तेव्हा धर्मराजनं समजावलं, की एवढ्या दुधाला मशीन चालू करता येत नाही. चाचीनं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी परत आली. तिनं सरळ विचारलं.

"माझ्या दुधातून कापून घेतलं का न्हाई? घरपट्टी वाढवली का न्हाई? मंग ह्यात माझं काई हाय का न्हाई, धर्मा?"

"हाय की, चाची."

"मंग माझं दूध कावून घेत न्हाईस?"

धर्मराज टाकीवरची धूळ पुसायला लागला. चाची थोडा वेळ बसली आणि किटली उचलून गेली. ती भांडायला येत नव्हती. गावातल्या हॉटेलवाल्याकडे गिऱ्हाईक नव्हतं, शेजारी दूध घ्यायला पैसे नव्हते. निम्मं दूध ती दह्याला लावायची, निम्मं गल्लीतल्या पोरांना वाटायची. तरी रोज यायचीच. हळूहळू धर्मराज तिची वाट बघायला लागला. कपभर दूध ती त्याच्या चहासाठी ठेवून जायची. पैसे घ्यायची नाही. म्हणायची, "तेवढंच केंद्रात गेलं म्हनायचं."

वैशाखात मोहनराव गाडी घेऊन आले. अनुदानाच्या दुसऱ्या टप्प्यातून इमारतीला जोडून पेढा-खव्याचा कारखाना आणि त्यावर सभागृह बांधायचं घाटत होतं. त्यासाठी जिल्ह्याहून एक साहेब पाहणीला येणार होते. केंद्र चालू दिसायला हवं. मोहनरावांनी सांगितलं, की सकाळी पाण्याचा टँकर येईल, तो टाकीत उतरवून घ्यायचा, मशीन चालू करायचं, तापमानाच्या काट्यावर थंडी दिसली म्हणजे झालं. साहेब काही आत डोकावणार नाहीत.

धर्मराजनं विचारलं, टँकर कुठला. मोहनराव म्हणाले, गावचाच, एका खेपेनं काय होतंय.

मोहनरावांनी त्याला नोकरीला चिकटवून घेतलं होतं, वाईट दिवसांतही पगार थांबवला नव्हता. धर्मराज हो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला. ड्रायव्हरनं पाइप टाकीच्या तोंडात सोडला. पाणी पडायला लागलं तसा सगळ्या इमारतीत आवाज घुमला. किती दिवसांनी तिथे काही भरत होतं. धर्मराज शिडीवर उभा राहून बघत होता. स्टीलवर पाणी चढत होतं आणि त्याला ते बघायला बरं वाटत होतं, याचीच त्याला मग लाज वाटली. त्यानं झाकण लावलं आणि बटण दाबलं. मशीन घरघरलं आणि चालू झालं.

दुपारी साहेब आले. त्यांनी काटा पाहिला, टाकीवर हात ठेवून गार लागतंय म्हणाले, मोहनरावांबरोबर फोटो काढून घेतला आणि जेवायला गेले. झाकण उघडायचं कुणी मनावर घेतलं नाही. जाताना मोहनराव धर्मराजच्या कानाशी म्हणाले, मशीन राहू दे चालू, परवा वरचे लोक यायचेत.

गाड्या गेल्या. पटांगणात ऊन रणरणत होतं. धर्मराज आत जाऊन टाकीला पाठ लावून बसला. थंडावा शर्टातून अंगाला लागत होता.

थोड्याच वेळात हमीदा चाची आली. ती रोजच्यापेक्षा लवकर आली होती आणि चालत नव्हती, जवळजवळ पळतच आली होती. एका हातात किटली, दुसऱ्या हातात आणखी एक किटली, तिच्यात दह्याला लावायचं म्हणून ठेवलेलं सकाळचं दूध. मशीनचा आवाज तिच्या गल्लीपर्यंत गेला होता.

"सुरू झालं?" तिनं दारातूनच विचारलं. तिचा चेहरा घामानं भिजलेला होता आणि ती हसत होती. "मी म्हनलंच होतं, होईल म्हनून. आधी माझं माप घे, मंग बाकीचे येतील."

धर्मराज उठून उभा राहिला. खोटं सांगणं सोपं होतं. आज नको, उद्या आणा, एवढं म्हटलं असतं तरी ती गेली असती.

"चाची, आत दूध न्हाई. पानी हाय."

तिला आधी समजलंच नाही. मग त्यानं सगळं सांगितलं. चाची किटल्या खाली ठेवून ऐकत राहिली.

"आमच्या गल्लीचा टँकर होता त्यो," ती शेवटी म्हणाली. "सकाळपासून बाया घागरी लावून बसल्यात. ड्रायव्हर म्हनला, गाडी बिघडली."

ती रागावली असती तर धर्मराजला सोपं गेलं असतं. ती नुसती टाकीकडे बघत होती. मग पदरानं तोंड पुसून तिनं दोन्ही किटल्या उचलल्या आणि वळली.

"चाची," धर्मराजनं हाक मारली. "बायांना घागरी घेऊन बोलव."

ती थांबली. "तुझी नोकरी?"

"बोलव तू."

बाया आल्या, त्यांच्या मागं पोरं आली, म्हातारे आले. धर्मराजनं दूध काढायच्या नळाला रबरी नळी लावली आणि व्हॉल्व्ह फिरवला. बर्फासारखं पाणी आलं. पहिल्या बाईनं ओंजळ धरली आणि झटका बसल्यासारखा हात मागं घेतला. मग तिनं तोंडावर पाणी मारलं. पोरं नळीखाली डोकी धरायला लागली. एका म्हातारीनं घोटभर पिऊन डोळे मिटले आणि तशीच उभी राहिली. कुणी विचारलं नाही, की दुधाच्या टाकीत पाणी कुठून आलं. सगळ्यांना ठाऊक होतं. घागर भरली की बाया खाली मान घालून, भराभर निघून जात होत्या. संध्याकाळपर्यंत टाकी रिकामी झाली. धर्मराजनं मशीन बंद केलं आणि ओल्या फरशीवर खराटा फिरवला.

मोहनराव दुसऱ्या दिवशी सकाळी आले. ते ओरडले नाहीत. खुर्चीवर बसले.

"दुसरं कुनी असतं तर मला वाईट वाटलं नसतं," ते म्हणाले. "तू माझा मानूस होतास, धर्मराज."

"आप्पा, ते पानी गावचं होतं."

"अन् हे केंद्र कुनासाठी बांधलं मी? माझ्या घरी म्हैस हाय का?" मोहनरावांचा आवाज कापरा झाला. त्यांना खरंच तसं वाटत होतं, हे धर्मराजला दिसलं. त्यानं किल्ल्यांचा जुडगा त्यांच्यासमोर ठेवला.

पुढच्या आठवड्यात संस्थेची सभा झाली. मोहनरावांनी सांगितलं, की मशीनच्या चाचणीसाठी भरलेलं पाणी ऑपरेटरनं परस्पर वाया घालवलं, म्हणून त्याला कमी केलं आहे. धर्मराज मागच्या रांगेत बसला होता. त्याच्या आजूबाजूला बसलेल्यांच्या घरी त्या टाकीतलं पाणी गेलेलं होतं. छावणी मोहनरावांच्या हातात होती, टँकरही. सगळे समोर बघत होते. शेजारी बसलेल्या सुग्रीवनं तर मांडी सावरण्याच्या निमित्तानं थोडं सरकून घेतलं.

बायांच्या बाजूनं हमीदा चाची उठली. ती सभासद होती, पण सभेत कधी बोलली नव्हती.

"पानी वाया न्हाई गेलं," ती म्हणाली. "मी दोन घागरी नेल्या. आमी पेलो."

कुणीतरी हसलं. मोहनराव म्हणाले, ठीक आहे चाची, बसा. मग दुसऱ्या टप्प्याचा विषय निघाला आणि टाळ्यांमध्ये मंजूर झाला. धर्मराजनं मागं वळून पाहिलं तेव्हा चाची अजून उभीच होती. शेजारच्या बाईनं पदराला धरून तिला खाली बसवलं.

महिन्याभरात चाचीनं म्हैस विकली. कडबा संपला होता आणि छावणीत तिला जागा नाही म्हणाले. ती लेकीकडे परळीला जायला निघाली तेव्हा धर्मराज तिचं गाठोडं घेऊन फाट्यापर्यंत गेला. एसटी यायला वेळ होता. दोघं सावली शोधून बसले. चाची म्हणाली, म्हैस नसली की पहाटे जाग येऊन करायचं काय, ते कळत नाही. धर्मराज म्हणाला, मलाही तसंच होतंय. गाडी आल्यावर तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि चढली.

त्यानंतर गावात त्याच्याशी कुणी वाईट बोललं नाही. रामराम व्हायचा. पण कुणी ओट्यावर टेकायचं नाही. तो दिसला की बोलणं पावसावर जायचं. विमलला त्यानं नोकरी गेल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, मग आता तरी या. तो म्हणाला, घराचं बघतो आणि येतो. पण त्यानं काही बघितलं नाही. दिवस गेला की भाकरी टाकायची, खायची, पडायचं.

पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामपंचायतीनं घरपट्टीची दवंडी दिली. धर्मराज भरायला गेला. वसुलीला बंकट बसला होता. दोघं एका वर्गात होते. आकडा पुन्हा वाढला होता. धर्मराजनं विचारलं, हा जास्तीचा कशाचा.

"विकासाचा," बंकट म्हणाला. "कारखान्याच्या रस्त्याला वगैरे."

"मला तो नको हाय, असं लिहून घे."

"कुठं लिहू, धर्मा? त्याला रकाना न्हाई."

बंकट पहिल्यांदाच मान वर करून त्याच्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत थट्टा नव्हती. धर्मराजनं पैसे मोजून दिले आणि पावती घडी करून खिशात ठेवली. तो दारापर्यंत गेला तेव्हा बंकट हळू आवाजात म्हणाला, की त्या दिवशीचं पाणी त्याची आई दोन दिवस पुरवून पुरवून प्याली.

धर्मराजनं मान हलवली. बंकटच्या समोर रांगेत माणसं होती. तो बाहेर आला, चपला घातल्या आणि घराकडे चालायला लागला. रस्त्यावर कुणी नव्हतं.