ड्रायव्हरांनी लावलेल्या तारा

आमच्या रविवारच्या बैठकीत एकही खरा वादक नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी भलत्या अपेक्षा ठेवणार नाही. दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना रविवारी बंद असतो. त्याच्या बाहेरच्या खोलीत, किडलेल्या दाढांच्या तक्त्याखाली आम्ही जमतो. डॉक्टर पेटी वाजवतात, घड्याळजी व्हायोलिन घासतात, मी शाळेत गणित शिकवून उरलेला दम बासरीत फुंकते, आणि बसचे ड्रायव्हर मेंडोलिन छेडायचे.

दर वेळी एकाचं वाद्य सगळ्यांच्या हातांतून फिरवायचं, असा आमचा रिवाज. ज्याच्या हाती येईल त्याने ते जमेल तसं वाजवायचं आणि आपल्या वाजवण्याची एखादी आठवण सांगायची. डॉक्टरांनी माझ्या बासरीतून नुसता वारा काढला होता, तेव्हा ड्रायव्हर हसून हसून खुर्चीवरून घसरले होते.

ड्रायव्हर झोपेतच गेले. आजार नाही, काही नाही. मला अजून राग येतो त्यांचा, असं न सांगता जातं का कुणी?

काही महिन्यांनी त्यांच्या बायकोचा, आमच्या वहिनींचा, फोन आला. त्यांना मेंडोलिन घेऊन बैठकीला यायचं होतं. रोज संध्याकाळी ते वाजवायचे आणि त्या गायच्या. आता एकदाच त्या वाद्याबरोबर गायचंय, म्हणाल्या, पण घरी एकटीला धीर होत नाही.

वहिनी आल्या. त्यांनी मेंडोलिन पिशवीतून काढलं, घड्याळजींच्या हातात दिलं आणि डॉक्टरांनी दिलेलं पाणी प्यायला बसल्या. घड्याळजींनी मग तेच केलं, जे आमच्यातल्या कुणीही केलं असतं. वाद्य हातात आलं की आधी ते सुरात लावायचं, ही आमच्या लेखी साधी रीतभात. त्यात घड्याळजींचा कान भारी तिखट, उतरलेली तार त्यांना चपलेतल्या खड्यासारखी टोचते. त्यांनी पेटीचा सूर घेतला, मान वाकडी केली आणि भराभर खुंट्या पिळल्या. आम्ही कौतुकाने बघत होतो.

"पार उतरलं होतं, वहिनी," ते खुशीत म्हणाले. "आता ऐका."

वहिनींनी पेला खाली ठेवला.

"भावजी, ते त्यांनी लावलेलं होतं."

मग एकेक कळत गेलं. गळ्याच्या ऑपरेशननंतर वहिनींचा आवाज खाली गेला होता. ड्रायव्हर ना पेटी घेत, ना पट्टी बघत. भाजी चिरता चिरता वहिनी एक सूर गुणगुणायच्या आणि ते तारा सैल करत करत त्या सुरापाशी आणायचे. रविवारी आमच्याकडे येऊन तारा पुन्हा चढवायचे, घरी गेले की परत उतरवायचे. तुमच्या मेंडोलिनला काही धरबंधच नाही, म्हणून आम्ही त्यांची टर उडवायचो. ते हसायचे, पण बायकोच्या आवाजाबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नाही. शेवटच्या संध्याकाळी लावलेल्या तारा तशाच राहिल्या होत्या.

डॉक्टर समजुतीने म्हणाले की इतक्या दिवसांत तारा आपोआप सरकल्याच असतील. मला त्यांना तिथल्या तिथे गप्प करावंसं वाटलं.

"सरकल्या असतील," वहिनी म्हणाल्या. "पण शेवटचा हात त्यांचा होता."

घड्याळजींचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी खुंट्या उलट्या फिरवायला सुरुवात केली. वहिनी गुणगुणायच्या, ते तार छेडून विचारायचे, "इथे?" त्या मान हलवायच्या. अजून थोडं खाली. नाही, वर. केसाएवढ्या स्प्रिंगा बसवणारा तो हात खुंटी तसूतसूने फिरवत होता. खोलीत आमच्यापैकी कुणाला कुणाकडे बघवत नव्हतं.

शेवटी वहिनी म्हणाल्या, "हो. हेच."

त्या दोन ओळी गायल्या, छान गायल्या, आणि थांबल्या. घड्याळजी चष्मा काढून किती तरी वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, सापडला एकदाचा सूर.

मी मेंडोलिनची पिशवी घेऊन वहिनींबरोबर खाली निघाले. अर्ध्या जिन्यात त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

"तो नव्हता," त्या म्हणाल्या.

मग हो का म्हणालात, असं मी विचारलं. भावजींची अवस्था बघवेना, म्हणाल्या. त्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. मला वाटलं, संपलं. पण त्या काही हलेनात.

"आणि खरं सांगू? गुणगुणायला लागले तेव्हाच कळलं. कुठला सूर होता ते मलाच आठवत नाहीये. तारांमध्ये आहे म्हणून मी निर्धास्त होते."

मी पायरीवर बसले आणि त्यांना हात धरून शेजारी बसवलं.