ओट्यामागची भिंत

मंगळवारी सकाळी सव्वादहा वाजता मिस्त्रीने ओट्यामागच्या भिंतीवर छिन्नी ठेवली आणि वरच्या ओळीतली पहिली टाइल फोडली. चौथी फोडून झाल्यावर तो थांबला.

"ताई, या पट्टीवरून रोज कुणी हात फिरवतं का हो?"

जुन्या टाइल्सच्या मधोमध उठावाच्या नक्षीची एक पट्टी होती. तिच्या वर-खाली तेवीस वर्षांचा चिकट पिवळा थर. पट्टी मात्र दारापासून शेगडीपर्यंत झिजून गुळगुळीत झालेली. शेगडीच्या पुढे ती पुन्हा पिवळी आणि चिकट होती.

"पुसत असतील," सून म्हणाली.

सासूबाईंना दिसत नाही, हे त्या घरात कुणी बोलत नसे. चार वर्षांपूर्वी डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हापासून सगळ्यांनी मिळून ठरवावं तसं झालं होतं. नवा कपडा आणला की त्यांना दाखवायचा, फोटो आला की पुढे धरायचा. त्याही "छान आलाय" म्हणायच्या. दुपारी चार वाजता मात्र त्या एकट्या स्वयंपाकघरात जाऊन आपला चहा आपण करून घेत. "तुमचा चहा म्हणजे नुसतं कोमट पाणी," हे जाहीर कारण. त्या वेळी कुणी आत जायचं नाही, हा नियमही न बोलताच ठरलेला. त्या आत कसं जमवतात, हे त्यामुळे कुणी पाहिलंच नव्हतं.

गेल्या महिन्यात सुनेने दुकानातून दोन नमुने आणले होते. एक काचेसारखा सपाट, फिकट हिरवा. दुसरा मातकट, आडव्या खाचांचा. रीतीप्रमाणे दोन्ही सासूबाईंपुढे ठेवले. त्यांनी दोन्हींवरून सावकाश बोटं फिरवली आणि खाचांच्या टाइलवर हात ठेवला.

"ही घे. हिचा रंग चांगला आहे."

सुनेने हसू दाबलं. "बरं, आई," म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन हिरवीची ऑर्डर देऊन आली. खाचांत तेल बसणार, ते घासत कोण बसणार? शिवाय आईंना कळणार कसं? हे दुसरं ती स्वतःशीही पुरतं बोलली नव्हती.

"टाइल निवडायला इतके दिवस? मला तर अर्ध्या तासात पसंत केलं होतंस," नवरा आदल्या रात्री म्हणाला होता.

"म्हणून तर आता जपून बघतेय."

"आईला विचारलंस ना?"

"विचारलं की."

तेवढं खरं होतं.

आता ती झिजलेल्या पट्टीसमोर उभी राहिली. तिने डोळे मिटले, दारापाशी पट्टीवर बोट ठेवलं आणि चालत गेली. जिथे बोटाला चिकट लागलं, तिथे हात खाली नेला. शेगडीचं बटण थेट हातात आलं.

"काय करू, थांबू का?" मिस्त्रीने विचारलं. "फुटल्यात त्या काही परत उगवायच्या नाहीत, पण बाकीच्या आहेत अजून."

हिरवीचे खोके जिन्यात येऊन पडले होते. परत घेणार नाही, असं दुकानदाराने आधीच बजावलं होतं.

"नाही, फोडा," ती म्हणाली.

धुळीमुळे लेकीकडे राहायला गेलेल्या सासूबाई गुरुवारी संध्याकाळी परतल्या. चपला काढून सरळ स्वयंपाकघराच्या दारात आल्या. उजवा हात भिंतीला लागला आणि पाण्यावरून जावा तसा सरकत गेला. कुठेही न अडता, शेगडी ओलांडून खिडकीच्या चौकटीला जाऊन थडकला. त्यांनी तो तसाच मागे आणला.

"मी सांगितलेली तीच ना गं?"

"हो, आई."

सासूबाईंनी हात पदराला पुसला. "रंग चांगला दिसतोय," म्हणाल्या.

"बघ! म्हटलं नव्हतं, आईला आवडेल?" नवरा बाहेरून ओरडला.

शुक्रवारी चार वाजता त्या बाहेरच्या खोलीत खुर्चीवरच बसून होत्या.

"आई, चहाचं काय?"

"तूच कर आज."

"तुम्हाला माझा आवडत नाही ना?"

"शिकशील हळूहळू. आता सवड आहे."

त्यांनी अर्धा चहा प्यायला आणि कप खाली ठेवला.

सुनेने गॅलरीत जाऊन दुकानात फोन लावला. खाचांच्या टाइल्सचा एकच खोका उरला होता. शनिवारी दुपारी दोनपर्यंत ठेवतो, दुकानदार म्हणाला. मिस्त्रीही तयार होता. "हिरवीची एक ओळ काढून खाचांची बसवतो, अर्ध्या दिवसाचं काम. ठोकाठोक होणार मात्र, घरी सांगून ठेवा."

घरी सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? टाइल तुमची नाही. मी खोटं बोलले. आणि त्याच्याही आधी, चार वर्षांत कुणी न उच्चारलेलं ते एक वाक्य.

शनिवारी दीड वाजता ती सासूबाईंच्या खोलीत जाऊन पलंगाच्या कडेला बसली.

"आई, त्या टाइलबद्दल..."

"चांगली आहे म्हटलं ना मी."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. दुकानदार होता. दुसरं गिऱ्हाईक समोर उभं आहे, खोका देऊन टाकू का, असं विचारत होता.

"पाच मिनिटांत सांगते," ती म्हणाली.

फोन ठेवला तेव्हा एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती. सासूबाईंनी मान तिच्या आवाजाच्या दिशेने वळवली होती.

"काय सांगणार आहेस?" त्यांनी विचारलं.