डेंटांच्या कुरणावरचा चर

"हे चर ज्या कुणी खणले ना, त्याला धरून आणून इथं चिखलात उभा केला पाहिजे!" चर बुजवण्याच्या कामावर ऑफिसनं नेमलेली तरुण कॅट्रिन म्हणाली. तिचा उजवा पाय बुटासकट गुडघ्यापर्यंत आत गेला होता आणि हातातला टॅब भिजू नये म्हणून तिनं तो डोक्यावर धरला होता.

एडविन बीडल पोकलेनच्या केबिनमधून सावकाश उतरला. गुडघे आता घाईचे राहिले नव्हते. त्यानं तिच्या काखेत हात घालून तिला वर ओढलं.

"सापडायचा नाही तो आता," तो म्हणाला. "बूट आलाय ना सोबत? मग झालं."

त्या माळावरचे बहुतेक सगळे चर एडविननंच खणले होते. एकोणीस वर्षांचा होता तेव्हा. पठारावरचं पाणी काढून टाका, हेदरची झुडपं वाढतील, गवत वाढेल, मेंढ्या दुप्पट होतील, असं त्या काळी सरकारच सांगत होतं आणि पैसेही देत होतं. नांगर लावलेला ट्रॅक्टर घेऊन तो उन्हाळेच्या उन्हाळे या काळ्या, भुसभुशीत पीटमध्ये, म्हणजे शेवाळ कुजून झालेल्या मातीत, सरळ रेषा मारत फिरला. त्याच्यासारखी सरळ रेष पंचक्रोशीत कुणाची नसायची. मेंढ्या काही दुप्पट झाल्या नाहीत. चरांत पडून कोकरं मेली, पीट सुकून उडून गेली, पाऊस पडला की खालच्या गावांत पाणी शिरायला लागलं. आता सरकारचं म्हणणं होतं, चर बुजवा. गेली आठ वर्षं एडविन ते करत होता. गुत्त्यावरची मंडळी म्हणायची, "एडविननं अर्धं आयुष्य खणण्यात घालवलं, अर्धं बुजवण्यात. मेल्यावर तेवढा खड्डा मात्र दुसऱ्याला खणायला लागेल." तोही हसायचा. काम चांगलं होतं, हे त्याला पटलेलं होतं. बुजवलेल्या चरांत दोन वर्षांत हिरवंगार शेवाळ धरायचं, टिटव्या परत यायच्या. पण पटलं म्हणून थकवा काही कमी होत नाही.

दुपारी चहाचा थर्मास उघडला, तेव्हा खालून चार चाकांच्या बाइकचा आवाज आला. हिल्डा डेंट येत होती. वय ऐंशी, मागच्या कॅरियरवर कुत्रा बसलेला. या माळावर मेंढ्या चारायचा हक्क तिच्या घराचा, माळाखालचं कुरणही तिचंच. नवरा अर्नॉल्ड जाऊन बारा वर्षं झाली होती.

"काय रे एडविन, अजून मेला नाहीस?"

"तुमच्या आधी कसा जाईन, मिसेस डेंट?" पंचेचाळीस वर्षांत त्यानं तिला दुसऱ्या कुठल्या नावानं हाक मारली नव्हती.

"बरं, ऐक. ही पोरगी लांब आहे तोवर बोलते. माझ्या कुरणाच्या डोक्यावरचा चर आहे ना, तेवढा सोड."

एडविननं पाव खाली ठेवला. "नकाशात आहे तो. अकरा बांध घालायचेत."

"नकाशा कुणी वर येऊन बघतंय? तू बुजवला म्हणालास की बुजला."

"तसं मी करत नाही, मिसेस डेंट."

"ठाऊक आहे. म्हणून तर विचारायला लागतंय," हिल्डा म्हणाली आणि बाइक वळवून निघून गेली. कुत्रा तेवढा मागं बघत राहिला.

एडविन उरलेला पाव न खाताच उठला. कॅट्रिन वरच्या अंगाला खुणेच्या काठ्या रोवत होती. तिला घेऊन तो डेंटांच्या कुरणाच्या डोक्यावर गेला.

"हे बघ. वरून हा झरा येतो. चर त्याला अडवून बाजूच्या ओढ्यात नेतो. हा बुजवलास, तर पाणी थेट खाली कुरणात उतरणार. दोन वर्षांत नुसतं लव्हाळं माजेल. गवत कापायला यंत्र आत जायचं नाही."

"पण उपग्रहाच्या नकाशात झरा कुठं दिसत नाही."

"उन्हाळ्यात आटतो. हिवाळा सरताना, मार्चमध्ये येऊन बघ."

"तुम्हाला एवढं नक्की कसं माहीत?"

एडविननं टोपी सारखी केली. "मीच खणलाय. हा, आणि तू ज्यात पडलीस तोही."

कॅट्रिन कानापर्यंत लाल झाली. "आठ महिने झाले, एडविन! तुम्ही मला बोलू दिलंत?"

"खोटं काय बोललीस त्यात?"

पोरगी मनानं सरळ होती. तिनं तिथंच उभं राहून ऑफिसला फोन लावला, फोटो पाठवले, वाद घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. आराखडा मंजूर झालेला आहे, जमीनमालकिणीची सही आहे, एका चरासाठी बदल होणार नाही.

"मी सांगू का मिसेस डेंटना?" कॅट्रिननं विचारलं.

"नको. मी जातो."

हिल्डाच्या स्वयंपाकघरात चुलीजवळ बूट वाळत घातले होते. तिनं न विचारताच चहा ओतला. एडविननं उभ्यानंच सांगितलं.

"तुमची सहीच आहे म्हणतात."

"आहे ना. सही करायला लावली, तेव्हा कुठला चर नि कुठलं काय, कोण वाचतंय? चाळीस पानं होती." तिनं कप त्याच्याकडे सरकवला. "बस. घोड्यासारखा उभा राहू नकोस. गुरुवारी मेंढ्या चालल्यात."

"किती?"

"सगळ्या. हिवाळ्यात माळावर सोडायच्या नाहीत म्हणतात. मग ठेवायच्या कुठं? पोरगा गेला शहरात, तो काही यायचा नाही. खालच्या मुलखातला एक जण घेतोय." ती खिडकीतून बघत होती. "आपल्या मेंढ्यांना कधी कुंपण लागलं नाही रे. आईमागं फिरून फिरून कोकरू आपली हद्द शिकतं. अर्नॉल्डच्या आजोबांपासून तेच चाललंय. तिकडं गेल्यावर त्या बापड्या काय करतील, कुणास ठाऊक."

एडविननं दोन घोट घेतले. मग त्याच्या लक्षात आलं.

"मेंढ्याच नाहीत, तर गवत कुणासाठी? कुरण कोरडं राहून करायचंय काय तुम्हाला?"

चुलीवरची किटली हिल्डानं उगाच इकडची तिकडं केली.

"लग्न होऊन आले त्या वर्षापासून त्या कुरणात चिखल. नऊ वर्षं. गवत कापलं की कुजायचं. सासू म्हणायची, पोरगी चांगल्या पायगुणाची नाही. मग तू तो चर खणलास. त्या जूनमध्ये मी चपला घालून कुरणात गेले, एडविन. पहिल्यांदा. अर्नॉल्ड गवत उलटत होता आणि त्याला जेवण द्यायला मी चपला घालून गेले." ती हसली. "बाकी काही नाही. तेवढं एक आमचं जमलं होतं."

एडविननं कप खाली ठेवला. तो म्हणाला, "दुसऱ्या कुणाला पाठवायला सांगू का? म्हणजे मी नको..."

"गप रे! दुसरा कुणीतरी येऊन सगळं उकरून ठेवेल. तूच कर. नीट कर."

बुधवारी दिवसभर त्यानं तेच काम केलं. आधी वरचा जिवंत गवताचा थर अलगद सोलून बाजूला ठेवायचा, ओली पीट काढून चरात दाबायची, बकेटच्या पाठीनं थोपटायची, मग ते गवत पुन्हा वर अंथरायचं. एरवी तो दिवसाला वीस बांध घालायचा. त्या दिवशी अकरा घालता घालता संध्याकाळ झाली. कॅट्रिन दोनदा येऊन गेली, घाई करा म्हणाली नाही. हिल्डा आली नाही. शेवटच्या बांधामागं पाणी हळूहळू चढत होतं, तेव्हा तो जरा वेळ तसाच बसून राहिला, मग त्यानं इंजिन बंद केलं.

गुरुवारी सकाळी पोकलेन ट्रकवर चढवून तो दुसऱ्या माळाकडं निघाला. तिकडची वाट मोठ्या रस्त्यावरून आत वळून डेंटांच्या घरावरून जायची; ती म्हणजे दोन दगडी गडग्यांमधली एक गाडी जाईल एवढी बोळ. अर्ध्यावर आला, तर समोरून मेंढ्यांची लॉरी. फळ्यांच्या फटींतून काळी तोंडं बाहेर आलेली. ड्रायव्हरशेजारी हिल्डा बसली होती, रविवारचा चांगला कोट घालून.

खरं तर मागं जायचं लॉरीनं. एडविनच्या ट्रकवर तेरा टनांचं यंत्र होतं आणि त्याच्यामागं वळणावळणाची अर्धा मैल बोळ. समोरच्या ड्रायव्हरलाही ते कळत होतं. त्यानं हात वर करून गाडी मागं घ्यायला सुरुवातही केली.

एडविननं खिडकीतून हात बाहेर काढून त्याला थांबवलं.

मग आरशात बघत, गडग्याचा एक दगडही न हलवता, तो मागं मागं जात राहिला. मान दुखायला लागली तेव्हा दुसऱ्या खांद्यावरून बघू लागला. लॉरी तेवढंच अंतर राखून पुढं पुढं येत होती आणि मेंढ्या सारख्या ओरडत होत्या. मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी त्यानं ट्रक कडेला घेतला.

लॉरी शेजारून गेली. हिल्डा समोर बघत होती. मांडीवरच्या पर्सवर हात होते, त्यातलं एक बोट तिनं किंचित वर उचललं.

एडविननंही स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं; तिथल्या रस्त्यांवरचा रामराम एवढाच असायचा. आवाज पुरता विरेपर्यंत तो थांबला. बोळ मोकळी होती. तरीही ट्रक गिअरमध्ये घालायला त्याला थोडा वेळ लागला.