आबांच्या कानातले दडे

विमान पुण्याकडे खाली उतरू लागलं, तसं सखारामआबांनी आ वासून मोठी जांभई दिली. मग जबडा डावी-उजवीकडे फिरवला, आवंढा गिळला आणि पुन्हा जांभई. या वेळी घशातून चांगला मोठा आवाजही निघाला.

शेजारी बसलेल्या यशोधरेच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. दीक्षाभूमी बघायची आबांची फार वर्षांची इच्छा, म्हणून तिनं हौसेनं त्यांना नागपूरला नेलं होतं आणि परतीला विमानाचं तिकीट काढलं होतं. पण मधल्या वाटेपलीकडे, अगदी हातभर अंतरावर, तिच्या देहूरोडच्या ऑफिसातल्या मोठ्या मॅडम बसल्या होत्या. मघाशी "वडील का?" म्हणून त्यांनी हसून विचारलंही होतं.

"आबा, पुरे आता," ती दबक्या आवाजात म्हणाली. "लोक बघतायत."

"अगं, कानात दडे बसत्यात. गाडीतनं घाट चढता-उतरताना आमी असंच करायचो."

"हा घाट नाहीये. तोंड मिटून बसा."

आबांनी तोंड मिटलं. खंडाळ्याच्या घाटात रेल्वेचे रूळ तपासण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती, पण लेकीपुढं ते वाद घालत नसत. यशोधरेच्या स्वतःच्या तोंडात लिमलेटची गोळी होती. आबांना साखरेचा आजार, त्यामुळे त्यांना ती देता येत नव्हती. थोड्या वेळानं त्यांनी डाव्या कानावर तळहात दाबून धरला. ओठ घट्ट आवळलेले, डोळ्यांत पाणी. तिनं ते पाहिलं आणि मॅडमनी पाहिलं तर नाही ना, म्हणून आधी तिकडे नजर टाकली.

खंडाळ्याला घरी पोचल्यावर तिच्या आईनं, भामाबाईंनी, चहाला तीन हाका मारल्या. आबा हलले नाहीत.

"अवो, ऐकू येत न्हाई व्हय?"

"विहिरीत बसल्यागत वाटतंय," आबा म्हणाले. "डाव्यात ठणका बी हाय."

भामाबाई लसूण घालून तेल तापवायला निघाल्या. कानात काही घालायचं नाही, म्हणून यशोधरेनं त्यांना थांबवलं. दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती आबांना लोणावळ्यात कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरांनी दोन्ही कानांत उजेड टाकून पाहिलं. "पडदे आत ओढले गेलेत. डावा चांगलाच लाल आहे," ते म्हणाले. "नाकात थेंब टाका, वाफ घ्या. नाक दाबून जोरात हवा मारू नका." मग आबांच्या उजव्या कानाशी वाकून त्यांनी विचारलं, "उतरताना जांभया द्यायच्या, गिळत राहायचं. कुणी सांगितलं नाही का?"

यशोधरेनं पर्सचा बंद धरला.

"झोप लागली हुती मला," आबा म्हणाले.

"तरीच," डॉक्टर म्हणाले आणि चिठ्ठी लिहू लागले. खरं सांगायला तिच्याकडे चिठ्ठी पुरी होईपर्यंतचा वेळ होता. ती भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत राहिली.

रिक्षात बसल्यावर मात्र तिला राहवलं नाही. "आबा, माझं चुकलं," ती म्हणाली. "मला मॅडमची लाज वाटली."

"काय म्हनलीस?" आबांनी तिच्याकडे पाहिलं. ती त्यांच्या डाव्या बाजूला बसली होती.

रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "काही नाही," ती म्हणाली.

घरी आल्यावर आबा अंगणात खुर्चीवर टेकले. शेजारच्या पुतळाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. त्या आत जाईपर्यंत थांबावं, असं यशोधरेच्या मनात आलं, आणि त्या विचाराचीच तिला शरम वाटली. ती आबांच्या उजव्या कानाशी आली आणि मोठ्यानं म्हणाली, "आबा, माझं चुकलं. मॅडमसमोर मला तुमची लाज वाटली."

पुतळाबाईंचे हात सुपात थांबले. भामाबाई दारात आल्या.

आबांनी खुर्ची तिच्याकडे वळवली. मग म्हणाले, "मी जांभईच दिलती. कुनाला शिवी न्हवती दिली."

"हो."

"डॉक्टरला का न्हाई सांगितलंस मग?"

पुतळाबाई सूप उचलून आत गेल्या.

उजवा कान तिसऱ्या दिवशी सुटला. डावा सुटेना, म्हणून आठवड्यानं ती देहूरोडहून येऊन त्यांना पुन्हा लोणावळ्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी कागद पाहिला. "विमानात झोप लागली होती, ते तुम्हीच ना?"

"झोपले नव्हते ते," आबांच्या आधी यशोधरा बोलली. "जांभया देत होते, मीच बंद करायला लावल्या. शेजारी ऑफिसातल्या बाई होत्या."

डॉक्टरांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. "बरं," एवढंच म्हणून ते डाव्या कानाकडे वळले. आबा मान तिरपी करून समोरच्या खिडकीकडे बघत होते. त्यांचा चांगला कान तिच्याकडेच होता.

डावा कान सुटायला आणखी बारा दिवस लागले. ती बातमी तिला भामाबाईंनी फोनवर दिली. "आबांना दे," ती म्हणाली. पलीकडे काहीतरी बोलणं झालं, मग भामाबाईच परत आल्या.

"ते म्हनत्यात, रविवारी ये. तवा बोलू."